अकरा फेऱ्या

दुसऱ्या शनिवारीही जावयानं त्याच आवारात नेलं आणि अकरा फेऱ्या मारून घरी परत आणलं, तेव्हा यात काहीतरी काळंबेरं आहे अशी जयंतरावांची खात्री झाली.

तसं पाहिलं तर कपिलमध्ये नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या एका कंपनीत तो गाड्यांच्या सस्पेन्शनचं काम बघायचा. रस्त्याचे धक्के माणसाच्या हाडांपर्यंत पोचू नयेत, एवढ्यासाठी त्याला पगार मिळत होता. गावाबाहेर विटांचा एक बंद पडलेला कारखाना होता. त्याच्या आवारात त्यानं गॅरेज भाड्यानं घेतलं होतं आणि तिथे एकोणीसशे एकाहत्तर सालची एक अमेरिकन मसल कार दोन वर्षं दुरुस्त करत आणली होती. लांबलचक नाकाची, मोहरीच्या रंगाची, सुरू झाली की शेजारच्या झाडावरचे कावळे उडवणारी. इंजिन झालं होतं, ब्रेक झाले होते, गाद्या शिवून झाल्या होत्या. फक्त सस्पेन्शन राहिलं होतं. ऑफिसात परक्यांच्या गाड्यांचं सस्पेन्शन दुपारच्या जेवणाआधी ठरवणाऱ्या कपिलला स्वतःच्या गाडीचं आठ महिने ठरवता येत नव्हतं.

हे सगळं जयंतरावांना माहीत होतं. प्रश्न एवढाच होता की, फिरायला म्हणून नेलेल्या सासऱ्याला कुठेही न फिरवता, दगडी फरशीच्या आवारात गोल गोल का नेलं जातंय? जुने गंजलेले रूळ, मग गटाराचं झाकण, मग खड्डा, मग वळण, की पुन्हा रूळ. अकरा वेळा. दहा नाही, बारा नाही.

"कपिलराव, बाहेर रस्त्यावर नाही का न्यायची?" त्यांनी भीत भीत विचारलं होतं.

"नाही, बाबा. पार्ट कागदावर चढल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही इथे. साधी स्प्रिंग बदलली तरी गाड्या तपासणाऱ्या ट्यूफवाल्याचा शिक्का लागतो."

"बरं बरं."

"आल्झो, तर मग, कसं वाटलं? कुठे काही त्रास?"

"छे! उत्तम!"

सासऱ्यानं जावयाजवळ तक्रार करायची नसते, हे जयंतरावांना कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यांच्या अंगातच होतं. कपिलच्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडलं असतं, तर त्यांनी तोही संपवून कप विसळून ठेवला असता.

पण या वेळी नुसत्या भिडेचा प्रश्न नव्हता. त्यांचं आणि प्रभाताईंचं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं आणि आल्या दिवसापासून संपदा, त्यांची मुलगी, "तिकीट आहे, पण बघू," असं म्हणत होती. त्या 'पण बघू'चा अर्थ जयंतरावांना पक्का कळला होता. साताऱ्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. बाहेरच्या खोलीत साडेतीन हजार पुस्तकं. वाचनालयातून निवृत्त झाल्यावर जयंतरावांनी ती शेजारीपाजारी वाचायला द्यायला सुरुवात केली होती. रोज संध्याकाळी पाच ते सात. संपदाचं म्हणणं होतं, "तब्येत कशी आहे ते आधी बघू, मग परत जायचं की इथेच राहायचं ते ठरवू." म्हणून तब्येत दिसू द्यायची नाही, असं जयंतरावांनी विमानातून उतरतानाच ठरवून टाकलं होतं. कंबर दुखायची. पण कंबर काही बोलत नव्हती, आणि तेही बोलणार नव्हते.

"मला काय वाटतं सांगू?" त्या दुपारी भाजी निवडणाऱ्या प्रभाताईंजवळ सरकून ते हळूच म्हणाले. "कपिलराव माझी परीक्षा घेताहेत."

"कसली?"

"प्रकृतीची. बसायच्या आधी वजन विचारलं. मी बसलो की टेप घेऊन चाकापाशी वाकतात आणि गाडी किती खचली ते मोजतात. आणि चालवताना रस्त्याकडे कमी, आरशातून माझ्या तोंडाकडे जास्त बघतात."

"तुमच्या तोंडात बघण्यासारखं काय आहे?"

"तेच म्हणतोय मी!"

"अहो, वाचनालयात असतानाही तुम्हाला प्रत्येक माणूस पानं फाडणाराच वाटायचा."

"त्यातले चार जण निघाले ना?"

"चाळीस वर्षांत चार," प्रभाताई म्हणाल्या आणि मेथीची जुडी त्यांच्यापुढे सरकवली. "घ्या, संशयच घ्यायचा तर पिवळ्या पानांवर घ्या."

पण दोनच दिवसांनी पुरावा हाती आला. कपिल ऑफिसच्या घाईत चपलांच्या कपाटावर एक वही विसरून गेला. दुसऱ्याची वही उघडणं वाईट, हे जयंतरावांना मान्य होतं. पण वही उघडीच होती, आणि समोर आलेली अक्षरं न वाचता सोडणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. पानावर इंजिनियरच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'जे. वय ७३. वजन ६१.४. फेऱ्या ११. चेहरा स्थिर. उजवा हात दाराच्या कडीला, रुळांवर पकड घट्ट. उतरताना वेळ ९ सेकंद. तक्रार नाही (?)'

जयंतरावांनी ते कंसातलं प्रश्नचिन्ह पुन्हा वाचलं. म्हणजे संशय त्यांनाच नव्हता, त्यांच्यावरही होता. आणि उतरायला नऊ सेकंद! घड्याळ लावून बघत होते तर! हा कागद संपदापुढे गेला की तिसरा मजला गेला, पाच ते सात गेलं, सगळंच गेलं.

त्यांनी प्रभाताईंना बोलावून वही दाखवली. प्रभाताईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि वही होती तशीच उघडी ठेवली.

"आता?" जयंतरावांनी विचारलं.

"आता काय, नऊचे पाच सेकंद करा," प्रभाताई म्हणाल्या. साताऱ्याला परतायचं त्यांनाही होतंच. त्यांची भिशी होती.

मग आठवडाभर तयारी चालली. कपिल आणि संपदा ऑफिसला गेले, की जयंतराव दिवाणखान्यातल्या खोल सोफ्यात बसायचे आणि प्रभाताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत "हं, उतरा," म्हणायच्या. पहिल्या दिवशी अकरा सेकंद लागले. गुरुवारपर्यंत सहा झाले; फक्त उतरल्यावर दोन मिनिटं भिंत धरून उभं राहावं लागायचं. "ती दोन मिनिटं गाडीची तारीफ करत काढा, हात टपावर ठेवून," असं प्रभाताईंनी सुचवलं.

तिसऱ्या शनिवारी सकाळी प्रभाताईंनी त्यांच्या कंबरेला बाम चोळला, वरून लोकरी मफलर घट्ट गुंडाळला आणि त्यावर शर्ट, स्वेटर, कोट. बामाचा वास मात्र तिन्हीतून आरपार येत होता. तो लपवायला जयंतरावांनी न्हाणीघरातली कपिलची अत्तराची बाटली घेऊन स्वतःवर चार वेळा फुसफुसवली.

ते बाहेर आले तेव्हा संपदा दारातच उभी होती. तिनं नाक वर केलं.

"बाबा, तुम्ही परफ्यूम लावलाय?"

"किंचित."

"गॅरेजमध्ये जायला?"

"जावयाबरोबर जायचं तर जरा…"

संपदानं एकदा वडिलांकडे बघितलं आणि एकदा नवऱ्याकडे. "कपिल, तुम्ही दोघं दर शनिवारी नक्की जाता कुठे?"

"गॅरेजमध्ये. कुठे म्हणजे?" कपिल जरा जास्तच चटकन म्हणाला.

"आणि करता काय?"

"काही नाही गं. गप्पा."

"बाबा आणि गप्पा?" संपदा म्हणाली. आठ वर्षांत या दोघांचं सलग पाच वाक्यं बोलणं तिनं ऐकलं नव्हतं. तिची भुवई वर गेली ती खाली आली नाही. घरात आता चौथाही माणूस संशयात सामील झाला होता.

त्या शनिवारी गाडी नेहमीपेक्षा वाईट आपटली. गटाराच्या झाकणावर तर जयंतरावांना स्वतःचे मणके एकेक मोजता आले. मफलरमुळे श्वास अर्धाच आत जात होता. पण चेहरा त्यांनी साताऱ्याच्या वाचनालयातल्या संस्थापकांच्या पुतळ्यासारखा ठेवला. फेऱ्या संपताच ते साडेपाच सेकंदांत उतरले आणि टपावर हात ठेवून म्हणाले, "वा! काय गाडी आहे! काय रंग!"

"त्रास?" कपिलनं वही काढली.

"त्रास? मी तर म्हणतो, आणखी दोन फेऱ्या मारल्या असत्या तरी…"

ते बोलले आणि पस्तावले, कारण कपिलनं लगेच दार उघडलं. तेरा फेऱ्या झाल्या.

चौथ्या शनिवारी तर कहर झाला. गाडी आता खाली, जमिनीला टेकल्यासारखी बसली होती, आणि आवारातली एकेक फरशी जयंतरावांना वेगळी ओळखू येत होती. रुळांवरून जाताना त्यांची कवळी टाळूपासून सुटून जिभेवर आली. ती जागच्या जागी ठेवायची, तर तोंड मिटून गालांवर ताण द्यावा लागत होता. आरशात ते हसल्यासारखं दिसलं. अकरा फेऱ्या ते तसेच हसत राहिले. उतरल्यावर डोळ्यांत पाणी होतं, आणि आवाज फुटू नये म्हणून त्यांनी आवाज चढवला.

"अप्रतिम!" ते ओरडले. "कपिलराव, अप्रतिम!"

कपिल बघतच राहिला. मग त्यानं गॅरेजच्या आत बघून हाक मारली, "निहार! ऐकलंस? चार नंबर! मी म्हटलं नव्हतं?"

हात पुसत एक दाढीवाला तरुण बाहेर आला. निहार हा कपिलच्याच ऑफिसातला, चिपळूणकडचा. त्यानं वाकून जयंतरावांना नमस्कार केला.

"काका, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. ऑफिसात सगळे तुम्हाला 'सब्जेक्ट जे' म्हणतात."

"मला? ऑफिसात?" जयंतरावांनी गाडीचा टप घट्ट धरला. म्हणजे प्रकरण ऑफिसापर्यंत गेलं होतं!

"सांगून टाक आता, कपिल. टेस्ट संपली ना."

कपिल लाजला. "बाबा, सॉरी हं. तुम्हाला मुद्दामच सांगितलं नव्हतं. जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या लोकांकडून सस्पेन्शनचे चार सेट उसने आणले होते. एक जुना, ओरिजिनल, मऊ. दोन मधले. आणि एक रेसिंगचा, एकदम कडक. दर शनिवारी एक लावायचो. आमच्याकडे टेस्ट अशीच करतात. बसणाऱ्याला टेस्ट आहे हेच सांगायचं नाही. सांगितलं की माणूस विचार करून उत्तर देतो, खरं देत नाही."

"म्हणजे ते वजन? ते सेकंद?"

"गेनाऊ, अगदी तेच. सगळं गाडीसाठी. संपदाची अट आहे ना, आई-बाबांना आरामात बसवून कोलोन शहरापर्यंत नेता येईल असं सस्पेन्शन बसव, नाहीतर गाडी विकून टाक. मला मनातून कडकच हवं होतं, पण म्हटलं, आपल्या मनाचं नको, डेटा काय म्हणतो ते बघू. आणि तुम्ही आधीच्या तिन्ही वेळा 'उत्तम', 'वा', आणि कडक सेटला 'अप्रतिम'! मला आधी खरं वाटेना, म्हणून प्रश्नचिन्हसुद्धा टाकलं होतं. पण आज स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. अकराच्या अकरा फेऱ्या तुम्ही हसत होतात."

जयंतरावांनी जिभेनं कवळी चाचपून पाहिली. तब्येतीची परीक्षा नव्हतीच! कुणाला काही कळलेलं नव्हतं. आता फक्त गप्प बसायचं आणि ऑक्टोबरात विमानात बसायचं.

कपिलनं गाडीच्या बॉनेटवर एक छापील फॉर्म पसरला होता आणि पेनाचं टोपण काढलं होतं. "गुरुवारी ट्यूफची अपॉइंटमेंट आहे. एकदा हा सेट कागदावर चढला, की झालं. मग हात लावायचा नाही."

तेवढ्यात फाटकातून दोन सायकली आत आल्या. पुढच्या सायकलवर संपदा होती आणि मागच्या तीनचाकी, टोपलीवाल्या सायकलवर, पदर खोचून, डबा सांभाळत, प्रभाताई.

"जेवण आणलंय," संपदा म्हणाली. पण ती डब्याकडे बघत नव्हती. ती गॅरेजचा कोपरा न् कोपरा बघत होती. "काय चाललंय इथे?"

"काही नाही, काकांनी स्प्रिंग सिलेक्ट केली," निहार म्हणाला, आणि त्यानं चार वाक्यांत तिला सगळं सांगून टाकलं.

"बाबांनी? सगळ्यात कडक?" संपदा वडिलांकडे वळली.

जयंतराव फॉर्मकडे बघत होते. कपिलचं पेन रकान्यावर टेकलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकांच्या नोंदी केल्या होत्या. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा असतं, हे त्यांनी प्रत्येक नव्या कारकुनाला सांगितलं होतं. आणि आता त्यांच्या साक्षीनं एक धादांत खोटी नोंद होत होती. ती खोडताही येणार नव्हती. बोलायचं तर कंबरेचं बोलावं लागणार. तेही संपदासमोर. तिसरा मजला त्यांच्या डोळ्यांपुढे आला. पाच वाजता दार वाजवणाऱ्या शेजारच्या ऊर्मिलाबाई आल्या, त्यांनी तीनदा नेऊन न वाचता परत आणलेली जाड कादंबरी आली.

पेन हललं.

"थांबा," जयंतराव म्हणाले. आवाज इतका बारीक होता, की तो फक्त प्रभाताईंना ऐकू आला.

"थांबा म्हणताहेत ते!" प्रभाताई ओरडल्या.

"कपिलराव, चौथं वाईट आहे. फार वाईट आहे. मी हसत नव्हतो. कवळी धरून बसलो होतो."

आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर जयंतरावांना ते मिटता येईना.

"पहिलं मऊ होतं, पण वळणावर गाडी होडीसारखी कलायची. सातव्या फेरीपासून मळमळत होतं. दुसरं सगळ्यात चांगलं. रुळांवर एकदाच धक्का यायचा आणि लगेच शांत. मला त्या दिवशी नवव्या फेरीत डुलकी लागली होती. तिसरं तसं बरं असतं, पण डाव्या बाजूचं मागचं चाक खड्ड्यातून वर आल्यावर दोनदा आपटायचं. उजवं नाही, फक्त डावं. पाचव्या फेरीनंतर जास्त."

निहारनं कपिलकडे बघितलं. मग तो आत गेला, कोपऱ्यात काढून ठेवलेल्या तिसऱ्या सेटमधला डावा शॉकअप उचलला आणि उजेडात आणला. त्याच्या नळीवरून तेलाचा एक बारीक ओघळ खाली आला होता.

"लीक आहे," निहार म्हणाला. "काका, हे आमच्या मशीनला कळायला दोन दिवस लागतात. तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या उजव्या कंबरेपेक्षा डावी जास्त दुखते," जयंतराव म्हणाले आणि मग त्यांना आठवलं, शेजारी कोण उभं आहे ते.

"म्हणजे तुमची कंबर दुखते," संपदा म्हणाली.

"थोडी."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"मागच्या?"

जयंतरावांनी बुटांकडे बघितलं. "तिच्याही मागच्या."

"आणि मला फोनवर दर रविवारी काय सांगत होतात?"

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. जयंतरावांनी मनातल्या मनात कपाटांना कुलपं घातली, किल्ल्या ऊर्मिलाबाईंकडे दिल्या आणि मान खाली घालून निकालाची वाट बघत उभे राहिले.

संपदा सायकलच्या सीटला टेकली.

"बाबा, तुमच्या कंबरेची भीती नव्हती हो मला. सगळ्यांची दुखते. मला भीती ही होती, की तिथे तुम्ही जिन्यात पडलात तरी 'उत्तम' म्हणाल, आणि मला आठ दिवसांनी कुणाकडून तरी कळेल. म्हणून मी तिकिटाचं 'बघू बघू' करत होते. आज तुम्ही स्वतःच्या तोंडानं दुखतंय म्हणालात ना? मग जा. दर रविवारी आज बोललात तसं बोलायचं, उजवीकडे किती, डावीकडे किती. आणि पहिल्या मजल्यावर जागा मिळाली तर घ्यायची."

"पुस्तकांसकट?"

"पुस्तकांसकट."

जयंतरावांना काहीतरी बोलायचं होतं, पण कवळीनं पुन्हा दगा दिला. प्रभाताईंनी मात्र लगेच डबा उघडायला घेतला. त्यांची भिशी वाचली होती. कपिलनं फॉर्मवर दुसऱ्या सेटचा नंबर लिहिला, जरा जड हातानं, आणि निहारनं त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"एक मिनिट," संपदा म्हणाली. तिची भुवई पुन्हा वर गेली होती. "बाबा, आठ वर्षांपूर्वी कपिल पहिल्यांदा आपल्या घरी येऊन गेला होता. तो गेल्यावर मी तुम्हाला विचारलं होतं, मुलगा कसा वाटला. आठवतं?"

"आठवतं ना."

"तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?"

कपिलचं पेन थांबलं. प्रभाताईंनी पोळीचा डबा अर्धा उघडाच ठेवला.

"संपदा, जेवण गार होतंय," कपिल म्हणाला. "बाबा, खरंच, काही घाई नाही. त्या बाबतीत डेटा नको."

पण जयंतरावांना आज खरं बोलायची चव लागली होती. भिंतीशी एक जुना टायर आडवा पडला होता. त्यावर ते सावकाश टेकले. या वेळी कोणी सेकंद मोजत नव्हतं. कोटाच्या आत हात घालून त्यांनी मफलरची गाठ सोडली आणि पोटभर श्वास घेतला.

"सांगतो," ते म्हणाले, "पण जरा वेळ लागेल."